भिकुबाईची कढई

माझ्या सासूचं नाव भिकुबाई. तिच्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी देवाकडे भीक मागून ही मुलगी घेतली आणि नाव भिकू ठेवलं. पुढे या बाईनं स्वतः मागायचंच काम केलं, पण ती मागायला दारात उभी राहिली की देणाराच घाबरायचा. मी तिची एकुलती एक सून. आधीच सांगते, तिच्याशी माझं फारसं कधी पटलं नाही. तरी तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला ते खपत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी जामनेरकडची, लिलाबाई. जातीनं आम्हीही भोईच, पण माझे वडील बाजारात फुटाणे विकायचे आणि मासा आमच्या घरात विकत यायचा. लग्न होऊन पिंपळनेरच्या पुढे सावरटेकला आले तेव्हा इथल्या लोकांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. सासू मला नावानं कधी हाक मारायची नाही, "ये जामनेरनी" म्हणायची. नवरा चिंधा. पूर्वी मी त्याचं नाव घेत नसे, आता या वयात कुणाला लाजू?

सावरटेकला लहानसं धरण आहे आणि धरणाच्या काठाला भोयांचा वाडा. मी आले त्या सुमाराला धरणातल्या मासेमारीचा ठेका धुळ्याच्या रुपचंद शेठकडे होता. शेठनं वाड्यातल्या घराघरांत नायलॉनची जाळी वाटली होती. जाळी त्याची, मासा त्यालाच घालायचा आणि मजुरी घ्यायची, असा बोलीचा व्यवहार. चिंधा त्याचा मुकादम. शेठनं त्याला बॅटरी आणि बूट दिले होते. ते बूट घालून तो वाड्यातून चालायला लागला की कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची, निदान त्याला तसं वाटायचं.

आता माशाचं सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. धरणात सरकार रोहू-कटल्याचं बारीक बी सोडायचं. सासू त्याला सरकारी मासा म्हणायची आणि विकताना मात्र त्याचं तोंडभर कौतुक करायची. हा मासा वाढला की धरणाच्या भिंतीकडे, खोल पाण्यात राहतो. तिथे आमची जाळी तळाला पोचत नाहीत. मोठा मासा एरवी कुणाच्या बापाला सापडत नाही. पण पावसाळ्यात नदीला गढूळ पूर आला की पोटात अंड्यांची गाभोळी भरलेल्या माद्या आणि त्यांच्या मागे नर, असे सगळे खोलातून निघतात आणि नदी जिथे धरणात शिरते तिथे गोळा होतात. त्या जागेला आम्ही मोहडा म्हणतो. तिथे नवं पाणी वाहतं असतं, काठचं गवत बुडालेलं असतं, आणि पाणी जेमतेम गुडघाभर. तिथेच मासा अंडी घालतो आणि मग परत खोलात जातो. याला चढण म्हणतात. वर्षातून एकदा, त्याच जागी, त्याच दिवसांत.

म्हणजे जो मासा वर्षभर हाताला लागत नाही, तो त्या दिवसांत आपल्या पायांनी दारात येतो. मग माणूस काय करतो? मारतो. काठीनं, टोपलीनं, मिळेल त्यानं. गाभोळीचा मासा चवीला उत्तम असतो आणि ढाब्यावर त्याला गिऱ्हाईक तुटून पडतं, हेही खरं आहे. मी स्वतः मिटक्या मारत खाल्लेला आहे.

जुन्या काळी मात्र भोयांच्या हातून हे व्हायचं नाही, आणि त्याचं कारण कढई. तेव्हा जाळी सुती असायची. सूत पाण्यात कुजतं, म्हणून दर पावसाळ्यात जाळी बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून, भिजत ठेवून, काळीभोर करून घ्यावी लागत. त्यासाठी गुऱ्हाळाची मोठी लोखंडी कढई आणायची. पूर येण्याच्या बेताला वाड्यातली सगळ्यांत वडील बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारोदार जायची आणि जाळी मागायची. तिला नाही म्हणायचं नाही. जाळी एकदा कढईत गेली की बाईच बाहेर काढणार, पुरुषानं हात लावायचा नाही. ती देईल तेव्हा परत घ्यायची. आणि ती कधी द्यायची? मासा चढून, अंडी घालून, खाली उतरला की. जाळी कढईत असताना मोहड्यावर टाकणार काय, कपाळ?

नायलॉन आलं आणि हे सगळं संपलं. नायलॉन कुजत नाही, त्याला साल लागत नाही. तरी भिकुबाई ताट घेऊन फिरायची. लोक शास्त्रापुरतं एखादं फाटकं जाळं तिच्या हातात ठेवायचे, ती ते बुडवायची आणि त्याच संध्याकाळी परत करायची. बाकीची जाळी मोहड्यावर. दर साली चढणीचा मासा आडवा-तिडवा मारला जाऊ लागला. पुढे धरणात नुसती चिंगळी मिळायला लागली. माणसं म्हणायची, सरकार बी कमी सोडतं. सासू म्हणायची, "सरकार बी सोडस, आन तुमी माय खातस." कोण ऐकतं?

एकोणीसशे नव्वदच्या आदल्या पावसाळ्यात शेठनं चिंधाला निरोप दिला की यंदा सगळी जाळी एकाला एक जोडून मोहडा या काठापासून त्या काठापर्यंत बंद करायचा, बर्फ घातलेला ट्रक तो धुळ्याहून आणणार. एक मासा वर जाता कामा नये. चिंधानं हे जेवताना सांगितलं, मोठ्या ऐटीत. शेठ त्याला धरणावर पक्की खोली बांधून देणार होता. मला आनंद झाला. आमच्या घराचं छप्पर पावसाळ्यात आत-बाहेर एकच करायचं.

सासू भाकरी मोडत होती. ती म्हणाली, "चिंध्या, बायतीन बाईना दारमा कोनी जायं टाकस का?" (बाळंतिणीच्या दारात कुणी जाळं टाकतं का, असं.)

"माय, तो मासा शे," चिंधा म्हणाला.

ती पुन्हा भाकरी मोडायला लागली. ती गप्प बसली की मला भीती वाटायची, कारण बोलत असताना ती निदान काय करणार ते तरी कळायचं.

सकाळी पाहते तर अंगणात चूल पेटलेली, कढई चढवलेली आणि साल उकळायला घातलेली. सासूनं धुतलेलं लुगडं नेसून ताट हातात घेतलं होतं. पहिल्याच दारात, हिलालच्या दारात, तिनं कुंकू लावलं आणि म्हणाली, "घरमा शे ते बठ्ठं दे." बठ्ठं म्हणजे सगळं.

हिलाल म्हणजे आमच्या वाड्यातला सगळ्यांत चांगला जाळंवाला आणि सगळ्यांत तोंडाळ. त्यानं नेहमीसारखं एक फाटकं जाळं पुढे केलं. "नवं कोठे शे?" सासूनं विचारलं. तो म्हणाला, नवं नाहीच. तेवढ्यात त्याची बायको पुष्पाबाई आत गेली आणि खाटेखालचं नवं जाळं ओढत बाहेर घेऊन आली. "ताट दारमा उभं शे आन तू खोटं बोलस?" असं म्हणून तिनं ते सासूच्या खांद्यावर टाकलं. हिलाल बघतच राहिला. पुढे प्रत्येक दारात हेच झालं. पुरुषांनी कुरकुर केली, बायकांनी जाळी काढून दिली. आमच्या घरातली जाळी सर्वांत शेवटी, आणि ती तिनं मागितलीच नाहीत, सरळ उचलली.

मी चिडले होते. म्हटलं, "आत्याबाई, नायलॉन सालीत बुडवून काय होणार आहे?"

"नायलॉनले काही नही व्हनार," ती म्हणाली. "मासाले व्हई."

खरं म्हणजे मला पक्की खोली जाताना दिसत होती. मी तिला मनातल्या मनात लाखोली वाहिली आणि चुलीत लाकडं घातली. सून होते, दुसरं काय करणार?

दुपारी शेठ जीपमधून आला. पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या. अंगणात उभं राहून त्यानं कढईकडे पाहिलं. आत सगळ्या वाड्याची जाळी काळ्या पाण्यात खदखदत होती.

"आजी, जाळी माझी आहेत," तो म्हणाला. तसा तो आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"जायं तुनं शे," सासू म्हणाली. "हात आमना शेतस." ती सगळ्यांना अरे-तुरेच करायची. कलेक्टर आला असता तरी त्यालाही केलं असतं.

"कधी देणार?"

"मासा उतरना का दिसू." म्हणजे मासा उतरला की देईन.

शेठ चिंधाकडे वळला. "काढ रे ती बाहेर."

चिंधा बूट घालून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं आणि जमिनीकडे पाहिलं. आईवर तो इतका संतापला होता की सकाळपासून तिच्याशी बोलला नव्हता. पण कढईत हात घालायला त्याचा पाय पुढे पडेना. मग शेठ स्वतः पुढे झाला आणि काठावर आलेलं एक टोक धरून त्यानं ओढलं. गरम काळं पाणी त्याच्या सफारीवर उडालं आणि त्यानं हात झटकत ते टोक सोडून दिलं. कुणी हसलं नाही. पुष्पाबाई तेवढी पदरात तोंड लपवून आत गेली.

"तुम्ही नाही तर दुसरे आणीन," शेठ म्हणाला. "भोई काय तुम्हीच आहात?"

आणि त्यानं आणले. दुसऱ्याच दिवशी शिरपूरकडचे, तापीकाठचे भोई ट्रकमधून आले, स्वतःची जाळी घेऊन. मोहड्याजवळ बाभळींखाली त्यांनी ताडपत्री बांधली. त्यांचा म्होरक्या तोताराम नावाचा पिकल्या मिशांचा माणूस होता. पश्चिमेकडे डोंगरात आभाळ काळं झालं होतं आणि नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. वाड्यातली माणसं म्हणाली, झालं, आपलं कामही गेलं आणि मासाही गेला. हिलाल सासूच्या तोंडावर म्हणाला की तुझ्यापायी दोन्हीकडून मेलो. मला त्याचं पटलं होतं.

सासूनं पुन्हा लुगडं धुतलेलं नेसलं आणि ताट घेतलं.

"आता कुठे?" मी विचारलं.

"मांगाले."

"ते आपल्या वाड्यातले नाहीत, आत्याबाई. हाकलून देतील."

"मंग तू चाल. कोनी हाकलं तर परत लई ये माले." ("चल, मला परत घेऊन ये," असं. एवढी विनंती तिनं मला पहिल्यांदाच केली होती, म्हणून गेले.)

तोतारामची माणसं चहा पीत बसली होती. त्यांच्यात एकही बाई नव्हती, नुसते पुरुष. म्हातारी ताट घेऊन समोर उभी राहिल्यावर त्यांना काय करावं सुचेना. तिनं तोतारामच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "कढई चढेल शे. जायं दे."

तोताराम उठून उभा राहिला. "अक्का, हाऊ तुमना वाडाना रिवाज. आमी कामले उनूत."

"मी बी तापीकाठनी शे," सासू म्हणाली. "मनी माय हाईच ताट लिसन तठे फिराये. तुमनाकडे कोन फिराये?"

त्याच्या माणसांतला एक तरुण म्हणाला, नाना, तिला जायला सांगा, शेठ येईल. तोतारामनं त्याला हातानं गप्प केलं.

"मनी मायच फिराये," तो म्हणाला. म्हणजे त्याचीच आई.

"ती उभी ऱ्हाती तर तू काय करता?"

त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तो आमच्यावर उपकार करत नव्हता आणि घाबरलाही नव्हता. त्याला राग आला होता, आणि तो राग आमच्यावर नव्हता. तो ताडपत्रीखाली गेला, जाळ्याची पहिली गुंडाळी स्वतः उचलली आणि सासूच्या पायाशी आणून ठेवली. मग एकेक करून बाकीच्यांनीही आणली. तो तरुण सगळ्यांत शेवटी, तोंड पाडून.

"शेठले काय सांगू?" तोतारामनं विचारलं.

"सांग, म्हतारीनी मांगं."

ती जाळी आम्ही दोघींनी वाहून आणली. वाटेत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि सासूसमोर रडायचं नाही एवढं मी माहेराहून ठरवून आले होते.

रात्रभर डोंगरात पाऊस झाला. सकाळी नदी तांबडी होऊन उतरली. अख्खा वाडा मोहड्यावर गेला, मीही गेले. मासा येताना मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता, नुसता ताटात पाहिला होता. बुडालेल्या गवतात पाणी हलत होतं आणि त्यातून रोहूंच्या पाठी वर येत होत्या. एका मादीमागे तीन-तीन नर, अंगाला अंग घासत, काठाच्या चिखलापर्यंत. त्यांना आमची भीती नव्हती. एवढे मोठे मासे या धरणात अजून शिल्लक आहेत हे हिलाललाही माहीत नव्हतं. तो उकिडवा बसून बघत राहिला आणि त्याचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं.

शेठचा ट्रक बर्फ गाळत उभा होता. शेठनं तोतारामला विचारलं, त्यानं जे सांगायचं ते सांगितलं. शेठ लाल झाला. "जाळी नाहीत तर काठ्या घ्या," तो ओरडला. "पाणी गुडघाभर आहे. काठ्यांनी मारा." काठावर काठ्यांना तोटा नव्हता. पण कुणी हलेना. मग तो चिंधाला म्हणाला, "मुकादम, तू सुरू कर. बाकीचे मागून येतील."

चिंधानं बूट काढले. काठी घेतली आणि पाण्यात उतरला. मला त्याची खोली हवी होती, हे मी लपवत नाही. पण तो पाण्यात उतरताना पाहिल्यावर मी मनात म्हटलं, नको मारू रे. सासू काठावर उभी होती. एक मोठी मादी त्याच्या पोटऱ्यांना धडकून पुढे गेली, मग दुसरी. तो तिथेच उभा राहिला.

"मार की," शेठ म्हणाला.

चिंधा वळला. शेठशी तो नेहमी शाळेतलं मराठी बोलायचा, जपून. त्या वेळी तो घरातल्यासारखा बोलला. "शेठ, कढई आजून उतरनी नही." आणि काठी पाण्याबाहेर फेकून दिली.

"उद्यापासून यातल्या एकानंही धरणावर पाय ठेवायचा नाही," शेठ म्हणाला.

त्या सकाळी सासू पहिल्यांदा बोलली, माशांकडे हात करत. "उद्यानं उद्या. आज तू बी ठेवू नको. आज ते त्येसनं घर शे."

शेठ बोलल्याप्रमाणे वागला. मासा खोलात परत गेल्यावर सासूनं कढई उतरवली आणि जाळी दिली. तोतारामची तोताराम घेऊन गेला, शेठची शेठनं ट्रकमध्ये भरली. पक्की खोली गेली, बूट आणि बॅटरीही गेली. दिवाळीनंतर आमचा अख्खा वाडा ऊसतोडीला गुजरातेत गेला. नदीवरची माणसं आम्ही. उसाचं पातं पायाला कापतं हे तिथे कळलं. भिकुबाईही आली होती. चिंधा तिला म्हणाला, तू झोपडीवर थांब. ती मोळ्या बांधायला बसली.

लोक अजून मला विचारतात, म्हातारीनं मिळवलं काय? मला या प्रश्नाचा राग येतो. त्या पावसाळ्यात मोहड्यावर एकही जाळं पडलं नाही, एकही काठी पडली नाही. माशांनी अंडी घातली. आम्ही मिरची-भाकर खाल्ली, पोरं रडली, तरी हे झालं ते झालंच. यात मिळवण्याचा काय संबंध?

उसाच्या फडावर सुट्टीच्या दुपारी आमचे पुरुष झोपड्यांपुढे बसून जाळी विणायचे. धरण आम्हाला बंद होतं, तरी सूत आम्ही बाजारातून आणलं होतं. शेठचं नायलॉन नव्हे, आमचं स्वतःचं सुती जाळं, बांबूच्या सुईनं, गाठीला गाठ घालून. हिलालचा हात सगळ्यांत भराभर चालायचा. त्या हंगामात तो फार वाळला होता आणि सासूशी बोलायचा बंद झाला होता.

एका दुपारी सासू त्याच्यासमोर जाऊन बसली. विणलेला भाग हातात घेऊन तिनं गाठी ओढून पाहिल्या.

"घट शे," ती म्हणाली.

"मनं शे," हिलाल स्वतःकडे बोट करून म्हणाला. "शेठनं नही. मनं."

"मालूम शे. पाऊसमा मी ताट लिसन येसू. हाई बी मांगसू."

मला वाटलं आता हा तिच्या अंगावर धावून जाणार. त्याच्या पोरांनी त्या सकाळी नीट खाल्लंही नव्हतं. हिलालनं सुई थांबवली, तिच्याकडे पाहिलं, बाजूला थुंकला, आणि पुढची गाठ घालायला लागला.

"ये," तो म्हणाला. "दिसू."